छोट्या देशांची तिकिटं कशी लावावीत: एका निवृत्त सॉर्टरची पद्धत

छोट्या देशांची टपाल तिकिटं जमवायची असतील तर आधी अल्बम घेऊ नका. अप्पा बळवंत चौकात चांगले अल्बम मिळतात, दुकानदार आग्रहही करेल, पण जरा दम धरा. छापील अल्बमात कुठला देश कुठल्या पानावर हे कोणीतरी आधीच ठरवून टाकलेलं असतं, आणि या संग्रहातली खरी मजा ते आपण ठरवण्यातच आहे. बुटांचं रिकामं खोकं घ्या, पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या उभ्या लावा, पाच खण तयार. वर्षभर तिकिटं या खणांतच राहू देत.

मी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, सॉर्टर होतो. पुणे स्टेशनवर आणि रात्रीच्या गाडीच्या डब्यात उभं राहून खणांत पत्रं टाकणं हाच उद्योग. त्या कामात एक गोष्ट डोक्यात पक्की बसते: पाकिटावर लिहिणाऱ्याने काय लिहिलंय याला अर्धीच किंमत, पुढचं ऑफिस ते पाकीट घेणार की परत पाठवणार, याला उरलेली अर्धी. देशांचंही मला तसंच वाटतं. ‘आम्ही देश आहोत’ असं कोणीही छापू शकतो. ते छापलेलं बाकीचे स्वीकारतात का, हे बघून खण ठरवायचा.

मर्यादा आखून घ्या

‘छोटा’ म्हणजे किती छोटा, हे आधी ठरवा आणि मग बदलू नका. नाहीतर आज मॉरिशस, उद्या सायप्रस असं करत सगळं जगच खोक्यात येतं. माझी मर्यादा ५०० चौरस किलोमीटर. पुणे महापालिकेची हद्दही आता साधारण तेवढीच आहे, म्हणून लक्षात ठेवायला सोपी. या मर्यादेत सतरा देश येतात: व्हॅटिकन, मोनॅको, नाउरू, तुवालू, सान मारिनो, लिख्टेनस्टाइन, मार्शल बेटं, सेंट किट्स आणि नेव्हिस, मालदीव, माल्टा, ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट, बार्बाडोस, अँटिग्वा आणि बार्बुडा, सेशेल्स, पलाऊ, अँडोरा. सिंगापूर आणि बहारीन बाहेर राहतात. हळहळ वाटते, पण नियम म्हणजे नियम.

आकाराचा अंदाज कागदावरच्या आकड्यांनी येत नाही. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाचं आवार ४११ एकरांचं आहे. व्हॅटिकन त्यात तीनदा बसेल आणि वर जागा उरेल. मोनॅको दोन चौरस किलोमीटरचं, म्हणजे विद्यापीठापेक्षा जरासंच मोठं. आणि या सतराही देशांतली माणसं एकत्र केली तरी २०११ च्या जनगणनेतल्या पुणे शहराइतकी, म्हणजे ३१ लाख भरत नाहीत. मालदीव आणि माल्टा धरूनसुद्धा.

पाच खण

पहिला खण संयुक्त राष्ट्रसंघाच्या सदस्यांचा. दुसरा खण असे देश, जे सदस्य नाहीत पण ज्यांच्याशी बाकीचे देश देश म्हणून वागतात. तिसऱ्यात दुसऱ्याच्या छत्राखालचे प्रदेश, ज्यांचं तिकीट स्वतःचं पण झेंड्यामागचं राज्य दुसऱ्याचं. चौथा खण ‘होते, आता नाहीत’. पाचवा स्वयंघोषितांचा.

तिकीट हातात आलं की कुठे टाकायचं? १९३३ साली उरुग्वेतल्या मॉन्टेव्हिडिओ शहरात अमेरिका खंडातल्या देशांनी एक करार केला. त्यात राज्य कशाला म्हणायचं याच्या चार अटी आहेत: कायम राहणारी माणसं, ठरलेली हद्द, सरकार, आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची कुवत. या चार अटी एका पुठ्ठ्यावर लिहून खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. नीट वाचलंत तर दिसेल की क्षेत्रफळ किती हवं, लोकसंख्या किती हवी, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. शेजारच्या विंगेतली सातवीतली एक मुलगी माझ्याकडे रविवारी येते. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, “काका, मग आपली सोसायटी?” आमच्या सोसायटीत माणसं आहेत, कुंपण आहे, कमिटी आहे. चौथी अट तिला वाचायला सांगितली.

ती चौथी अटच सगळा घोळ घालते. लिख्टेनस्टाइनने १९२० मध्ये राष्ट्रसंघात, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आधीच्या संघटनेत, प्रवेश मागितला आणि नकार मिळाला. सार्वभौम राज्याची काही कामं तुम्ही दुसऱ्यांकडे सोपवली आहेत आणि तुम्हाला सैन्यही नाही, असं कारण. सैन्य खरंच नव्हतं, १८६८ मध्येच खर्च परवडेना म्हणून मोडून टाकलं होतं. संयुक्त राष्ट्रसंघात त्यांना जागा मिळाली ती १९९० मध्ये. मग १९९२ ला सान मारिनो, १९९३ ला मोनॅको आणि अँडोरा, १९९९ ला नाउरू, २००० ला तुवालू. म्हणजे १९८५ साली हे खोकं मांडलं असतं तर या सहाही देशांची तिकिटं दुसऱ्या खणात गेली असती. देश तेच होते. दार उघडलं आणि खण बदलला.

दुसरा खण आता जवळजवळ रिकामा असतो. व्हॅटिकन तिथे जातं, कारण संघात त्याच्या वतीने पोपची गादी, म्हणजे ‘होली सी’, १९६४ पासून निरीक्षक म्हणून बसते, सदस्य म्हणून नाही. कुक बेटं आणि नियुए वरच्या सतरांत मोजले नाहीत, तरी त्यांनाही मी इथेच ठेवतो. दोघांचे लोक न्यूझीलंडचे नागरिक आहेत, पण कारभार स्वतःचा, आणि २०२३ मध्ये अमेरिकेनेही दोघांना देश म्हणून मान्यता दिली. काहीजण ही तिकिटं तिसऱ्या खणात टाकतील. भांडायचं असेल तर चहाला या.

प्रत्येक देशाच्या चार ओळी

खणात टाकण्याआधी पोस्टकार्डाच्या आकाराचं एक कार्ड करा आणि त्यावर चारच ओळी लिहा: जागा किती, पैसा कोणाचा, रक्षण कोणाचं, पोट कशावर. बाकी राष्ट्रीय फूल, पक्षी वगैरे मुलांना करू दे. छोट्या देशाची ओळख या चार ओळींत असते, आणि त्यातली निदान एक तरी ओळ तिकिटावरच सापडते. भिंग घ्या आणि शोधा.

पैसा कोणाचा, हे किमतीवरून कळतं. लिख्टेनस्टाइनच्या तिकिटावर स्विस फ्रँक आणि रॅपेन, कारण १९२३ मध्ये त्यांनी स्वित्झर्लंडशी जकातीचा करार केला आणि पैसाही तिथलाच वापरायला लागले. नाउरू आणि तुवालूच्या तिकिटांवरचे डॉलर ऑस्ट्रेलियाचे. मोनॅको, सान मारिनो, व्हॅटिकन आणि अँडोरा युरोपीय संघात नाहीत, तरी तिकिटं युरोत.

रक्षणाच्या ओळीत बहुतेक वेळा शेजाऱ्याचं नाव येतं. मोनॅकोपुढे फ्रान्स, पलाऊ आणि मार्शल बेटांपुढे अमेरिका. व्हॅटिकनचे स्विस गार्ड १५०६ पासूनचे, आणि रंगीबेरंगी गणवेशामुळे तिकिटावर शोभतातही छान.

पोटाची ओळ लिहायला सगळ्यात वेळ लागतो, पण तीच वाचनीय होते. नाउरूचं कार्ड करून बघा. एकवीस चौरस किलोमीटरचं एकच बेट, अधिकृत राजधानीसुद्धा नाही, आणि मध्यभागी फॉस्फेट. ब्रिटिशांच्या तिकिटांवर ‘नाउरू’ असा ठसा मारून १९१६ मध्ये त्यांचं पहिलं तिकीट आलं. मग ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून दशकानुदशकं तिथलं फॉस्फेट उपसलं आणि आपापल्या शेतांत टाकलं. ३१ जानेवारी १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं. पुढे काही वर्षं दरडोई उत्पन्नात हे बेट जगातल्या अगदी वरच्या देशांत होतं. साठे संपत आले, गुंतवणुकी बुडाल्या, आणि २००१ पासून ऑस्ट्रेलियाला नको असलेले आश्रयार्थी आपल्या बेटावर ठेवून घेण्याचे पैसे हा उत्पन्नाचा मोठा भाग झाला. आता १९१६, १९६८ आणि त्यानंतरची एकेक तिकिटं एका ओळीत लावा. आधी दुसऱ्याच्या तिकिटावर आपलं नाव, मग त्या नावाआधी ‘प्रजासत्ताक’. मजकूर कमी लिहिला तरी चालेल, तिकिटं बोलतात.

तुवालूचं कार्ड अजून लिहून संपलेलं नाही. सव्वीस चौरस किलोमीटर, नऊ बेटं, समुद्रापासून जेमतेम उंची. १ जानेवारी १९७६ ला गिल्बर्ट बेटांपासून वेगळे झाले तेव्हा जुन्या तिकिटांवर ‘तुवालू’ छापून काम भागवलं. उत्पन्न मासेमारीच्या परवान्यांचं, आणि इंटरनेटवरच्या ‘टीव्ही’ या दोन अक्षरांचं. ती अक्षरं त्यांना देशाच्या नावामुळे मिळाली आणि जगभरच्या टीव्हीवाल्यांना हवी झाली. तिकिटं विकूनही त्यांनी बरेच पैसे केले, इतके की १९८४ च्या सुमाराला एकेका बेटाच्या नावाने वेगळी तिकिटं निघायला लागली, मोटारी आणि आगगाड्यांची. तुवालूत आगगाडी नाही. ही तिकिटं मी घेत नाही, पण एखादं ठेवा, कार्डावरची पोटाची ओळ त्याने पक्की होते. आणि दुसरी अटच ज्यांच्यापुढे प्रश्न म्हणून उभी आहे असा हा देश: समुद्र वर आला तर हद्द कुठली? २०२३ मध्ये त्यांनी राज्यघटनेतच लिहून टाकलं की जमीन पाण्याखाली गेली तरी तुवालू हे राज्य कायम राहील. मॉन्टेव्हिडिओच्या पुठ्ठ्यावर याचं उत्तर नाही.

अँडोराची गंमत वेगळी. पिरेनीज डोंगरातला हा देश १२७८ च्या करारापासून दोन राजांचा: एक स्पेनमधल्या उर्जेलचा बिशप, दुसरा आज फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष. आणि टपालखातं स्वतःचं नाहीच. १९२८ पासून स्पेनचं टपाल आणि १९३१ पासून फ्रान्सचं टपाल अँडोराच्या नावाने आपापली तिकिटं काढतं. एकाच गावात दोन पोस्टं, दोन पेट्या. फ्रेंच पोस्टाचं तिकीट लावलं तर पत्र फ्रेंच पेटीतच टाकायचं. देशातल्या देशात पत्र फुकट नेण्याची तिथली जुनी रीत आहे, त्यामुळे अँडोराहून अँडोराला गेलेलं पाकीट शोधत बसू नका. कार्डाचे दोन भाग करा आणि मधे उभी रेघ ओढा.

सान मारिनोला दोन प्रमुख असतात, दर सहा महिन्यांनी बदलणारे. १ एप्रिलला आणि १ ऑक्टोबरला नवी जोडी येते. तिकिटं १८७७ पासूनची. व्हॅटिकनचं टपाल १ ऑगस्ट १९२९ ला सुरू झालं, मुसोलिनीच्या सरकारशी लॅटरन करार झाला त्याच वर्षी. पोपचं निधन झाल्यावर नवा पोप निवडला जाईपर्यंत वेगळी तिकिटं निघतात आणि ती तेवढ्याच दिवसांपुरती चालतात. १९७८ मध्ये अशी दोनदा निघाली. दोन्ही संच शेजारी लावा, त्या वर्षी काय झालं ते बघणारा आपणहून विचारतो.

कॅरिबियनचे देश मी इथे घाईत उरकतो. कंटाळा नाही, पण फुलपाखरं, क्रिकेटपटू आणि ब्रिटिश राजघराण्याची लग्नं यांची इतकी तिकिटं त्यांनी काढली आहेत की खण भरून वाहतो. प्रत्येकी पाच ठेवा, पुरे. सेंट किट्स आणि नेव्हिसचं मात्र लक्षात असू द्या: नेव्हिस बेट १९८० पासून स्वतःची वेगळी तिकिटं काढतं, आणि १९९८ मध्ये वेगळं होण्यासाठी मतदानही झालं. बहुमत मिळालं, पण दोन तृतीयांश लागत होतं तेवढं नाही. तिकीट वेगळं, देश एकच.

चौथ्या खणासाठी भोरपर्यंत जा

तिसरा खण झटपट भरतो. पिटकेर्न, जर्सी, गर्न्सी, आइल ऑफ मॅन, जिब्राल्टर, फेरो. पिटकेर्नला पन्नासच्या आसपास माणसं, तिकिटं १९४० पासून, आणि तिथली शाळा तिकीटविक्रीच्या पैशातून उभी राहिली. जिब्राल्टर मोनॅकोपेक्षा तिप्पट मोठं, पण देश नाही. आकारावर भिस्त ठेवणाऱ्याला हे उदाहरण दाखवा.

चौथा खण मात्र पुणेकराने आवडीने भरावा. पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या भोर संस्थानाची स्वतःची तिकिटं होती. पंतसचिवांचं हे संस्थान सव्वानऊशे चौरस मैलांचं, म्हणजे पंधरा लिख्टेनस्टाइन मावतील एवढं. १८७९ मध्ये अर्ध्या आण्याचं आणि एक आण्याचं तिकीट निघालं. देशी कागदावर हाताने उठवलेले लाल ठसे, कडेला दाते नाहीत. १९०१ मध्ये पंतसचिवांचं चित्र असलेलं अर्ध्या आण्याचं आलं. माणसं होती, हद्द होती, राजा होता, तिकीट होतं. पण ते तिकीट चालायचं संस्थानापुरतंच. पत्र हद्दीबाहेर जायचं तर ब्रिटिश भारताचं तिकीट लावावं लागे. परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हातात, म्हणजे चौथी अट कोरडी. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. लिख्टेनस्टाइनची तिकिटं १९१२ मध्ये सुरू झाली, भोरनंतर तेहतीस वर्षांनी. ही दोन तिकिटं एका पानावर ठेवली की देश कशाने होतो हे कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. भोरच्या ठशांची नक्कल करणं सोपं आहे, तेव्हा अनोळखी माणसाकडून घेऊ नका. एखादं फाटकं पण खरं मिळालं तर तेच घ्या.

याच खणात मोरेस्नेट. आजच्या बेल्जियम-जर्मनी सीमेवर साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा, जस्ताच्या खाणीवरून नेदरलँड्स आणि प्रशियाचं जमेना म्हणून १८१६ पासून कोणा एकाचा नव्हता, कारभार सामायिक होता. १८८६ मध्ये तिथल्या खाणीच्या डॉक्टरने स्वतःचं टपाल सुरू केलं, शेजाऱ्यांनी ते काही दिवसांतच बंद पाडलं. तिकिटं महाग असतात. मी फोटो लावलाय.

आणि आखातातली अमिराती. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जा, पथारीवर प्लॅस्टिकच्या पुड्यांत मोठी, चकचकीत, तिकोनी तिकिटं दिसतील. अजमान, फुजैरा, शारजा, उम्म अल कुवैन, रास अल खैमा. अंतराळवीर, फुटबॉल, मांजरी. आमच्या पिढीतल्या प्रत्येक मुलाच्या वहीत ही होती. १९६० च्या दशकात या छोट्या अमिरातींनी परदेशी व्यापाऱ्यांशी करार केले आणि व्यापाऱ्यांनी मनसोक्त छापली. २ डिसेंबर १९७१ ला संयुक्त अरब अमिराती झाली आणि हा पूर आटला. संग्राहक यांना ‘वाळूच्या टेकड्या’ म्हणतात आणि नाक मुरडतात. मी नाक मुरडत नाही, पण पुडीला चहाच्या किमतीपेक्षा जास्त देत नाही. ओळखायचं कसं? तिकीट उलटं करा. पुढे कोपऱ्यात अगदी नेटका शिक्का आणि मागे डिंक जसाच्या तसा, म्हणजे ते कधी पाकिटावर चढलंच नाही. छापखान्यातच शिक्का मारून विकायला काढलेलं.

पाचवा खण आणि खोक्याचं झाकण

पाचव्या खणात सीलंड. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यासमोर दुसऱ्या महायुद्धातला एक समुद्री मनोरा उभा आहे, दोन खांबांवर लोखंडी फलाट. रॉय बेट्स नावाच्या माजी मेजरने २ सप्टेंबर १९६७ ला त्यावर राज्य जाहीर केलं. तिकिटं काढली, नाणी काढली, स्वतः राजपुत्र झाला. मान्यता कोणी दिली नाही. ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्याचं हट रिव्हरही इथेच: गव्हाच्या कोट्यावरून सरकारशी भांडण, १९७० मध्ये स्वातंत्र्याची घोषणा, ७५ चौरस किलोमीटर जमीन. सान मारिनो ६१ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे हा शेतकरी त्याच्याहून मोठा. पण १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टपालाने त्याची पत्रं हाताळायला नकार दिला. पुढचं ऑफिस घेत नाही! सॉर्टरच्या दृष्टीने विषय तिथेच मिटला. २०२० मध्ये ते राज्य गुंडाळलं गेलं, त्यामुळे ही तिकिटं पाचव्यातून चौथ्यात हलवावीत का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. हलवू नका. चौथा खण जे खरोखर होते त्यांचा.

कुठल्याच खणात न बसणारं एक तिकीट तुमच्याकडे कधीतरी येईल: माल्टाच्या सार्वभौम लष्करी संघाचं, म्हणजे एका जुन्या कॅथलिक सरदार-संघटनेचं. माल्टा देश वेगळा, हा संघ वेगळा. रोममध्ये दोन-तीन इमारती, बाकी जमीन जवळजवळ शून्य. तरी शंभरावर देशांशी राजनैतिक संबंध, १९९४ पासून संयुक्त राष्ट्रसंघात निरीक्षक, १९६६ पासून तिकिटं, आणि ज्या देशांशी टपालाचा करार आहे तिथे ती चालतात. चौथी अट पैकीच्या पैकी, दुसरी जवळजवळ नापास. सीलंडच्या बरोबर उलट. ते मी खोक्याच्या झाकणाला आतून लावून ठेवलंय.

शंका आली तर जागतिक टपाल संघाकडे बघा. १८७४ मध्ये बर्नला स्थापन झालेला, १९२ सदस्य देशांचा हा संघ. त्याच्या संकेतस्थळावर सदस्य देशांनी अधिकृतपणे काढलेल्या तिकिटांची क्रमांकवार नोंद २००२ पासून ठेवली जाते, आणि खोट्या तिकिटांबद्दलचे इशारेही तिथे येतात. नोंदीत नाही म्हणजे खोटंच असं नव्हे, पण महाग तिकीट घेण्याआधी पाहून घ्यावं.

तिकिटं मिळवावीत कशी

नुसते कोरे संच विकत घेऊ नका. पाकिटावर चढून, शिक्का खाऊन, समुद्र ओलांडून आलेलं तिकीटच सांगतं की त्या देशाचा शब्द बाहेर चालतो. पुण्यात हे अवघड नाही. प्रत्येक सोसायटीत कोणीतरी युरोप टूरला निघालेलं असतं. त्यांना निघण्याआधी आपल्या पत्त्याची चिठ्ठी आणि थोडे पैसे द्या आणि एकच गोष्ट दोनदा बजावून सांगा: व्हॅटिकनचं तिकीट लावलेलं कार्ड व्हॅटिकनच्या आतल्या पेटीतच टाका. बाहेर रोमच्या पेटीत टाकलं तर इटलीचं टपाल ते तिकीट मानत नाही. मोनॅको आणि सान मारिनोचंही तसंच. लिख्टेनस्टाइनमध्ये टूरची बस वादुझला थोडा वेळ थांबते, तेवढा वेळ पुरतो. मालदीवला हनिमूनला गेलेल्यांना मात्र हे काम सांगू नका. कोणीच टाकत नाही.

नाउरू-तुवालूसाठी देवाणघेवाण करणारे मित्र करा. आपल्याकडची नवी स्मारक तिकिटं पुणे जीपीओतल्या तिकीटसंग्राहकांच्या काउंटरवर मिळतात, ती पाठवा आणि बदल्यात वापरलेली पाकिटं मागा.

भिजवणं, वाळवणं आणि आपला पावसाळा

पाकिटावरचं तिकीट ओढून काढू नका. भोवती बोटभर कागद ठेवून कापा आणि कोमट पाण्यात तिकीट वर राहील असं सोडा. दहा-पंधरा मिनिटांत ते आपोआप सुटतं. रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळ्या वाटीत भिजवा, लाल कागदाचा रंग सुटला की सगळी तिकिटं गुलाबी. आताची स्टिकरसारखी तिकिटं पाण्यात सुटत नाहीत, ती कागदासकटच ठेवा. वाळवायला टीपकागद, वर जाड पुस्तक. वर्तमानपत्र नको, शाई लागते. आणि चिमटा तिकिटांचाच घ्या, चपट्या टोकाचा. भुवयांच्या चिमट्याने दाते तुटतात.

जून ते सप्टेंबर कोऱ्या तिकिटांना हात लावू नका. पुण्याचा पाऊस मुंबईएवढा नाही म्हणून लोक गाफील राहतात आणि डिंक कागदाला धरतो. खोकं भिंतीला टेकवू नका, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि कोरी तिकिटं ग्लासिनच्या, म्हणजे गुळगुळीत पातळ कागदाच्या, पाकिटात ठेवा. वर्ष झालं की मग पानांवर लावायला घ्या: वापरलेल्यांना हिंज, म्हणजे डिंक लावलेली छोटी कागदी पट्टी, चालतं, कोऱ्यांना माउंट, म्हणजे पारदर्शक खोळ.

पानं झाली की प्रदर्शनाला द्या. शाळकरी गटात एक फ्रेम मिळते, तीत सोळा पानं बसतात. आपल्या यादीत देश सतरा. त्या मुलीने दोन रविवार यावर घालवले. संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य मोजले तर बरोबर सोळा होतात, म्हणून व्हॅटिकन काढावं हे मी सुचवलं. तिने ग्रेनाडा आणि सेंट व्हिन्सेंट एका पानावर आणले, आणि व्हॅटिकन ठेवलं. अँडोराच्या पानावरची उभी रेघ जरा वाकडी आली आहे, ती पट्टीने पुन्हा काढायची आहे. फॉर्म भरताना पानांची संख्या आधी लिहावी लागते, तेव्हा हा हिशोब मुदतीच्या आत उरका.